खलनायक नसलेली साथ

जैविक दहशतवादावरच्या कादंबरीत पहिला माणूस मरायला फार पानं लागत नाहीत. भुयारी रेल्वेत कुणाला तरी खोकल्याची उबळ येते, दुसऱ्या प्रकरणात शवविच्छेदन करताना डॉक्टरचा हात थबकतो, आणि तिसऱ्यात राजधानीतल्या कुठल्याशा गुप्त खात्यात फोन वाजतो. मग रात्री दीड वाजेपर्यंत आपला दिवा काही मालवत नाही. हा प्रकार मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय ज्या गावात आहे, तिथं असल्या अनुवादित थ्रिलरांना वाचकांची वाण नाही. पावसाळ्यात तर पुस्तक हाती लागणं मुश्कील. बाहेर कोल्हापूरचा न थांबणारा पाऊस, ताटलीत गरम भजी आणि पुस्तकात सगळ्या जगाचा सत्यानाश! यापरतं सुख नाही.

या कादंबऱ्या खोट्या असतात अशीही माझी तक्रार नाही. चांगला लेखक प्रयोगशाळांचे कायदेकानू, जंतूंचे गुणधर्म, सरकारी उतरंड यांचा कसून अभ्यास करतो. माझी तक्रार आहे ती पुस्तक मिटल्यावर डोक्यात जे मागे उरतं त्याबद्दल. एक, साथ आली म्हणजे ती कुणीतरी आणली असणार. दोन, ती थांबवायची तर वरून, गुपचूप आणि हत्यारबंद माणसांकरवीच थांबवता येते. या दोन समजुती घेऊन आपण खऱ्या साथीकडे बघायला लागलो की घोटाळा होतो, आणि तो आपल्याकडे झालेला आहे.

'चार घटका करमणूक, तिचं काय एवढं मनावर घ्यायचं?' असं कुणी म्हणेल. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं घेतलं होतं. रिचर्ड प्रेस्टन यांची 'द कोब्रा इव्हेंट' ही कादंबरी १९९७ साली आली. न्यूयॉर्कवर कृत्रिम विषाणूचा हल्ला, असं तिचं कथानक. ती वाचून बिल क्लिंटन अस्वस्थ झाले आणि असं खरंच घडू शकतं का, हे त्यांनी तज्ज्ञांना विचारलं. त्या काळात जैविक हल्ल्यापासून बचावासाठी अमेरिकेनं जे पैसे ओतायला सुरुवात केली, त्यामागे या वाचनाचाही हात होता, असं मानलं जातं. पुढं २००१ मध्ये खरोखरच टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी आली. पाच माणसं गेली, सतरा आजारी पडली. एफबीआयनं वर्षानुवर्षं तपास करून बोट दाखवलं ते ब्रूस आयव्हिन्स यांच्याकडे, म्हणजे फोर्ट डेट्रिकच्या लष्करी प्रयोगशाळेत अँथ्रॅक्सच्याच लसीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाकडे. आरोपपत्र दाखल होण्याआधी, २००८ साली, त्यांनी आत्महत्या केली, त्यामुळे खटला उभा राहिलाच नाही. पण तपास यंत्रणेचं म्हणणं खरं धरलं तर कुंपणानंच शेत खाल्लं.

या प्रकरणातला मला महत्त्वाचा वाटणारा माणूस वेगळाच आहे. फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात बेशुद्ध रुग्ण आला, तेव्हा संसर्गरोगाच्या डॉक्टरनं त्याच्या मणक्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दांड्यासारखे जंतू दिसले, शंका आली, त्यानं ती लगेच स्थानिक आरोग्य खात्याला कळवली आणि नमुना पुढच्या प्रयोगशाळेत गेला. हल्ला उघडकीला आला तो इथं. कसला गुप्तहेर आणि कसलं काय.

आपल्याकडची एक गोष्ट याहून जुनी आणि याहून रंगतदार आहे. कादंबरीकारांनी ती कशी सोडली कोण जाणे. २६ नोव्हेंबर १९३३, हावडा स्टेशन. पाकुडच्या जमीनदार घराण्यातला अमरेंद्र पांडे हा तरुण गाडी पकडायला निघालेला असतो. गर्दीत एक माणूस अंगावर आदळून निघून जातो आणि अमरेंद्रच्या दंडात काहीतरी टोचतं. आठवडाभरात, ४ डिसेंबरला, तो जातो. सावत्र भावाशी इस्टेटीवरून तंटा चालू होता, त्यामुळे कुजबुज होणारच होती. पण कुजबुजीवर खटला चालत नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो जिवंत असतानाच रक्त काढून तपासायला पाठवलं होतं. अहवाल मृत्यूनंतर आला: प्लेग. कलकत्त्यात तर आधीच्या काही वर्षांत प्लेगचा रुग्ण नव्हता. मग जंतू आला कुठून? माग काढत पोलीस पोचले ते थेट मुंबईला. सावत्र भावाच्या कटात सामील असलेल्या डॉक्टरनं परळच्या हाफकिन संस्थेकडून प्लेगचा जंतू मिळवायची खटपट केली होती. शेवटी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्याचं काम झालं. दोघांना फाशी सुनावली गेली, पुढं उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली.

या खुनात सगळा मसाला आहे: भाऊबंदकी, भ्रष्ट डॉक्टर, रेल्वे स्टेशन, विषारी सुई. पण तो उघडकीला आला तो एका रक्ताच्या नमुन्यामुळे. ताप उतरत नाही म्हणून कुणीतरी रक्त घेतलं, नाव लिहून बाटलीवर चिठ्ठी डकवली आणि प्रयोगशाळेतल्या कुणीतरी ते नीट पाहिलं. त्यातली एक पायरी चुकली असती तर अमरेंद्र 'ज्वरानं' गेला असता आणि सावत्र भाऊ सुखानं जमीनदारी करत बसला असता.

दुसरं उदाहरण पुण्याच्या कोरेगाव पार्काशी नातं सांगणारं. आचार्य रजनीशांचा पंथ इथून अमेरिकेत ओरेगॉनला गेला आणि तिथं त्यांनी वसाहत वसवली. १९८४ च्या शरदात शेजारच्या द डॅलेस नावाच्या छोट्या गावात ७५१ लोकांना हगवण-उलट्या सुरू झाल्या. दहा हॉटेलांतल्या सॅलडच्या काउंटरवर साल्मोनेला जंतू मिसळला गेला होता. नोव्हेंबरातल्या काउंटीच्या निवडणुकीत स्थानिक मतदार घरीच पडून राहावेत, असा बेत होता. आरोग्य अधिकाऱ्यांनी तपास केला आणि निष्कर्ष काढला, की वाढपी-आचाऱ्यांचे हात अस्वच्छ असावेत. सपशेल चुकीचा निष्कर्ष! वर्षभरानं पंथातच फाटाफूट झाली, रजनीशांनी स्वतःच आपल्या माजी सचिव मा आनंद शीला यांच्यावर जाहीर आरोप केले, झडती झाली, आणि तोच जंतू वसाहतीच्या प्रयोगशाळेत सापडला.

आता यातली गंमत बघा. खलनायक वर्षभर कुणालाच सापडला नव्हता, तरी साथ केव्हाच थांबली होती. एकही माणूस मेला नाही. डॉक्टरांनी शौचाचे नमुने तपासले, जंतू ओळखला, काउंटर बंद करायला लावले, रुग्णांवर उपचार केले. कुणी केलं हे न कळताही काय करायचं ते कळत होतं. कादंबरीत असं दाखवलं तर वाचक पैसे परत मागेल, कारण तिथं खलनायकाचा गळा धरल्याशिवाय साथ थांबतच नाही.

जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाचं तर हसूच होतं. पैसा होता, पदवीधर शास्त्रज्ञ होते, प्रयोगशाळा होत्या. १९९३ मध्ये त्यांनी टोकियोत इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्स फवारला. शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केली, बाकी काही झालं नाही, कारण त्यांच्या हाती लागलेला प्रकार जनावरांच्या लसीतला, निरुपद्रवी निघाला. ज्यानं त्यांचं नाव जगभर झालं तो १९९५ चा भुयारी रेल्वेतला हल्ला रासायनिक होता, सारीन वायूचा.

गुप्ततेचं म्हणाल तर तिचा मासला सोव्हिएत रशियात पाहावा. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स निसटला आणि वारा ज्या दिशेनं वाहत होता त्या दिशेची साठाहून अधिक माणसं मेली. सरकारनं सांगितलं, दूषित मांस खाल्लं. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार चार वर्षांपूर्वीच अमलात आला होता आणि त्यावर या देशाची सही होती. खरं काय ते १९९२ मध्ये येल्त्सिन यांच्या तोंडून बाहेर आलं. हल्ला करणारा कुणी नव्हताच. गुपित राखणारे मात्र पुष्कळ होते.

आता आपल्या दाराशी येऊ. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण सापडले, आणि सप्टेंबरात सुरत हादरलं. लाखो लोक मिळेल त्या गाडीनं शहर सोडून पळाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या. हा जंतू कुणी मुद्दाम सोडला असेल का, याचीही कुजबुज झाली. प्रत्यक्षात मृत्यू पन्नासच्या आसपास. पण पळापळीनं, अफवांनी आणि परदेशांनी घातलेल्या बंधनांनी झालेलं नुकसान त्याच्या कितीतरी पट होतं. सुरतेचं नाव पुढं सुधारलं ते एस. आर. राव या पालिका आयुक्तांनी कचरा, गटारं आणि हॉटेलं यांच्या मागे हात धुऊन लागून. कुठला परका हस्तक पकडून नव्हे.

२०२० मध्ये आपण याहून वाईट वागलो. दिल्लीत तबलिगी जमातच्या मरकजला, म्हणजे मुख्यालयात, आलेल्या लोकांना थेट 'कोरोना बॉम्ब' ठरवलं गेलं. टीव्हीवर जे चाललं होतं ते थ्रिलरचं प्रकरणच होतं: नकाशे, बाण, पार्श्वसंगीत. त्याच वर्षी ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, अशा अर्थाचे शब्द निकालात वापरले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि धर्माचा प्रश्न नव्हता तिथं तरी आपण शहाणपणानं वागलो का? शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड ही सगळी मुंबईला माणसं पाठवणारी तालुक्यांची रांग. गणपतीला ज्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, त्याच चाकरमान्यांना मे महिन्यात गावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या दिसल्या. क्वारंटाईन हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण सख्ख्या भावाकडे 'हा घेऊन आला' अशा नजरेनं बघणं हे क्वारंटाईन नव्हे. याचा परिणाम असा होतो की ज्याला ताप आलाय तो सांगत नाही.

हे आपल्याला १८९७ मध्येच कळायला हवं होतं. पुण्यात रँडनं प्लेग हा जणू बंडखोर आहे अशा थाटात घराघरांत गोरे सोजीर घुसवले. लोकांनी काय केलं? रुग्ण लपवले, मढी लपवली. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपल्याला पाठ आहे. रुग्ण लपवल्यानं प्लेग किती पसरला असेल, ते मात्र शाळेत कुणी विचारत नाही. त्या काळात आपल्या भागात प्लेग आला की लोक गाव सोडून माळावर, शेतात खोपी घालून राहायला जात. जुन्या पिढीच्या बोलण्यात 'प्लेगात माळावर होतो' असं सहज यायचं. त्यात अडचण होती, हाल होते, पण कुणी कुणाला लपवत नव्हतं.

धोका मुळीच नाही असं मी म्हणत नाही. २०१८ साली कॅनडातल्या संशोधकांनी घोड्यांच्या देवीचा नामशेष मानला गेलेला विषाणू, विकत मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांपासून पुन्हा उभा केल्याचं प्रसिद्ध केलं. असल्या बातमीनं झोप उडावी हे बरोबरच आहे. शिवाय ज्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेवर कादंबरीतले नायक विसंबतात ती फार दुबळी आहे. रासायनिक अस्त्रांसाठी हेगला तपासनीसांची संस्था आहे. जैविक अस्त्रांच्या करारामागे तशी तपासणीची यंत्रणाच नाही. ती उभी करायचा मसुदा २००१ मध्ये अमेरिकेनं धुडकावला आणि घोडं तिथंच अडलं. म्हणजे जंतू बनवणाऱ्याला मुळातच गाठण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मग उरतं दुसरं टोक: पहिले पाच-दहा रुग्ण किती लवकर कुणाच्या नजरेत भरतात.

ते कुणाच्या नजरेत भरणार? कोल्हापुरापुरतं बोलायचं तर आशाताईंच्या. आमच्या गल्लीत पावसाळ्यात त्या कंटेनर सर्व्हेला येतात. काखेत वही, पिशवीत टॉर्च. बॅरलचं झाकण काढायचं, आत उजेड मारायचा, पाणी जरा डचमळायचं आणि वळवळतंय का बघायचं. मग फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर. 'घरात कुणाला ताप?' हे विचारून वहीत टिपायचं. एकदा शेजारच्या आजी वैतागल्या, "परवाच धुतलंय की गं बॅरल, किती येळा बघणार हैस?" ताई म्हणाल्या, "परवा मी कुठं आलो होतो आजी? बघू द्या की." टॉर्च मारला तर अळ्या होत्या. बॅरल पालथं झालं, दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख पडली, ताई पुढच्या घरात. या बाईंना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो वाढवून घ्यायला त्यांना मुंबईत आझाद मैदानावर जाऊन बसावं लागतं.

खेड्यात हेच काम पाण्याच्या बाबतीत जलसुरक्षक करतो. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर कालवायची, मग नळाचं पाणी छोट्या नळीत धरून त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलंय, नाही झालं तर नाही. ओटी टेस्ट म्हणतात तिला. दोन मिनिटांचं काम, आणि इचलकरंजीनं २०१२ मध्ये पाहिलंय की पाणी बिघडलं की काय होतं. दूषित पाण्यातून काविळीची साथ उठली, हजारो लोक पिवळे पडले, माणसं दगावली. कुणा दहशतवाद्याला नदीत काही ओतावं लागलं नाही. पंचगंगेत ओतायचं काम आपण सगळे मिळून रोज करतोच, जयंती नाल्यापासून पुढे.

आता मुद्द्याचं. कोल्हापूरकराला साथीच्या बाबतीत नवीन काही शिकवायची गरज नाही, कारण पुराच्या बाबतीत तो हे आधीच शिकलेला आहे. जुलैत राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत ज्याला माहीत नाही असा माणूस शहरात शोधून दाखवा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पोराटोरांना पाठ. राधानगरीचा कितव्या नंबरचा दरवाजा उघडला, यावर मिसळीच्या टेबलावर चर्चा होते. आकडा रोज, सगळ्यांसाठी, उघडा असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी पोळल्यावर तर चिखली-आंबेवाडीतली माणसं आकडा बघूनच जनावरं हलवायच्या तयारीला लागतात. लोक घाबरतील म्हणून पातळी सांगू नये, असं कुणी म्हटलं तर त्याला आपण वेड्यात काढू. तापाच्या आकड्याबाबत मात्र हाच युक्तिवाद आपण मुकाट्यानं ऐकून घेतो. डेंग्यूचे, काविळीचे, गॅस्ट्रोचे कुठल्या प्रभागात किती रुग्ण आहेत, हे ओरड झाली, पेपरात फोटो आला की मग कळतं. तोवर व्हॉट्सॲपवर कुणी म्हणतो पाण्यात काहीतरी मिसळलंय, कुणी म्हणतो अमक्या वस्तीतनं आलंय. आकड्याची जागा मोकळी ठेवली की तिथं खलनायक येऊन बसतो.

प्रभागवार आकडा दर आठवड्याला जाहीर करायचा, रुग्णाचं नाव नाही, पत्ता नाही, हे अवघड नाही. रोगसर्वेक्षणाचा केंद्रीय कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. सरकारी दवाखान्यांतून माहिती भरली जाते. अडचण खासगी दवाखान्यांची, कारण शहरात बहुतेकजण आधी तिकडेच जातात आणि तिथल्या तापाची खबर बाहेर येईलच असं नाही. पण क्षयरोगाचा रुग्ण कळवणं खासगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यानं कुणाचा दवाखाना बंद पडला नाही. डॉक्टरांच्या संघटनेशी बसून बोललं तर डेंग्यू, कावीळ, विषमज्वर आणि 'निदान न झालेला जीवघेणा ताप' हे चार रकाने त्याच वाटेनं येऊ शकतात. मला त्यातला चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा वाटतो. पाकुडचं प्रकरण त्याच रकान्यात पडलं असतं, फ्लोरिडाचंही.

खरी अडचण आकडा जाहीर करणाऱ्याच्या खुर्चीची आहे. ज्या प्रभागाचा आकडा मोठा दिसेल तिथल्या आरोग्य निरीक्षकाला आधी नोटीस जाणार, नगरसेवक होण्याच्या वाटेवर असलेला गडी आधी त्याच्याच टेबलावर हात आपटणार. मग पुढच्या आठवड्यात आकडा आपोआप लहान होईल. ग्रामपंचायतींच्या पाण्याचं सर्वेक्षण करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. लाल कार्ड मिळालं की गावाची बेअब्रू झाली असं सरपंचाला वाटतं, आणि डागडुजी करण्याआधी तो कार्ड बदलून घ्यायच्या खटपटीला लागतो. बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांवर गेली म्हणून पाटबंधारेच्या शाखा अभियंत्याला कुणी धारेवर धरत नाही, तेवढीच सूट आरोग्य निरीक्षकाला मिळाली पाहिजे. रुग्ण जास्त सापडले यासाठी नोटीस नको. ती द्यायचीच तर नमुने घेतले नाहीत, यासाठी द्यावी.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. आशाताईंच्या वहीतली माहिती आजही गोळा होते, वर पाठवली जाते. ती गल्लीतून प्रभागात, प्रभागातून पालिकेत, तिथून पुण्या-मुंबईला जाते. ज्या गल्लीतून ती निघाली तिथं तेवढी परत येत नाही. पुढच्या जूनपासून बंधाऱ्याच्या पातळीशेजारच्या चौकटीत प्रभागांचा ताप छापायला आमच्या पेपरवाल्यांची ना नसावी. आकडे मागायचं काम मात्र आधी वाचकांना करावं लागेल.